हरकतीचा रकाना

(विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला दिलेला विषय लांबलचक आहे: 'डिजिटल परिवर्तनाचं व्यवस्थापन या विषयातलं पदव्युत्तर शिक्षण'. पत्रिकेत त्यापुढे 'आणि करिअरच्या संधी' असंही छापलंय. संधींबद्दल मी शेवटी थोडं बोलेन, पण त्यासाठी मला इथवर बोलावण्याची गरज नव्हती. ते कुठल्याही माहितीपत्रकात मिळतं. मी आज सांगणार आहे ते एका स्टोअरकीपर काकांबद्दल आणि माझ्याकडून झालेल्या एका चुकीबद्दल. ती चूक मला नीट समजली ती या अभ्यासक्रमात, म्हणून ते विषयाला धरूनच आहे.

मी इंजिनिअर आहे. कॉलेजातून बाहेर पडले आणि पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागले. बारा वर्षं कोड लिहिला, दुसऱ्यांचा तपासला, रात्री-अपरात्री फोन घेतले. मग २०२२ मध्ये ही दोन वर्षांची पदवी घ्यायचं ठरवलं. नोकरी सांभाळून, आठवड्यात दोन संध्याकाळी ऑनलाइन आणि शनिवार-रविवार. अब्बांचा पहिला प्रश्न होता, "इंजिनिअर झालीस, पगार चांगला आहे, आता परत शाळा कशाला?" माझ्या साहेबांचा प्रश्न वेगळा होता: "एमबीए का नाही करत?" दोघांनाही मी तेव्हा काहीतरी थातूरमातूर उत्तर दिलं. खरं उत्तर असं होतं, की मी इतकी वर्षं जे बनवत होते ते लोक वापरत नव्हते, किंवा वापरायचे आणि शेजारी वही ठेवायचे. हे असं का होतं, ते मला कळत नव्हतं.

पहिल्या सत्रात तीन शब्द वेगळे करायला शिकवतात. कागद स्कॅन करून संगणकात ठेवणं ही पहिली पायरी. तेच काम संगणकावर करणं ही दुसरी. आणि संगणक आला म्हणून कामाची पद्धत, कुणाला काय ठरवायचा अधिकार आहे, कुणाला किती खेपा घालाव्या लागतात हेच बदलणं, ही तिसरी. तिसरीला परिवर्तन म्हणायचं. वर्गातली उदाहरणं परदेशी कंपन्यांची होती, मला मात्र सातबारा आठवत होता. हाताने लिहिलेला सातबारा संगणकावर आला, तरी आपल्याला छापील कागद घेऊन सही-शिक्क्यासाठी तलाठ्याकडे जावंच लागायचं. कागद बदलला, खेप तीच. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला, आणि ती खेप गेली. तलाठ्याच्या सहीत जो अधिकार होता त्याचा एक तुकडा तिथून हलला. संगणक गावात कधी आला यापेक्षा ही तारीख मला महत्त्वाची वाटते.

दुसरं एक वाचन होतं, पॉल डेव्हिड या अर्थशास्त्रज्ञाचा १९९० सालचा निबंध. १९८७ मध्ये रॉबर्ट सोलो यांनी टोमणा मारला होता, की संगणकाचं युग सगळीकडे दिसतं, उत्पादकतेच्या आकड्यांत तेवढं दिसत नाही. डेव्हिड यांनी त्याला विजेच्या इतिहासातून उत्तर दिलं. एडिसनचं न्यूयॉर्कमधलं वीजकेंद्र १८८२ चं. पण अमेरिकेतल्या कारखान्यांना विजेचा खरा फायदा दिसला तो १९२० च्या दशकात. मधली जवळजवळ चाळीस वर्षं काय चाललं होतं? वाफेचं इंजिन काढून त्या जागी मोटर बसवली, बाकी सगळं तसंच: वर लांब शाफ्ट, त्यावरून पट्टे, आणि यंत्रं त्या शाफ्टच्या रांगेत उभी. आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत हे मी लहानपणी पाहिलंय. एक मोटर, वर शाफ्ट, पट्टा चढवला की गहू, दुसरा चढवला की मिरची. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर बसवायची आणि मग यंत्रं कामाच्या क्रमाने मांडायची, हे सुचायला आणि त्यासाठी कारखाना नव्याने बांधायला एवढा काळ गेला. हा निबंध मी लोकलसारख्या भरलेल्या पीएमपीच्या बसमध्ये उभ्याने वाचला आणि माझा स्टॉप चुकला.

आता काकांकडे येते.

२०१६ साली आमच्या कंपनीने चाकणजवळच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात स्टोअरचं सॉफ्टवेअर बसवलं. पाच जणांची टीम होती, मी त्यात मधल्या फळीतली. स्टोअरमध्ये एक काका होते, निवृत्तीला तीनेक वर्षं उरलेली. आलेल्या मालाची नोंद, दिलेल्या मालाची स्लिप, प्रत्येक रॅकला बिन कार्ड, हे सगळं ते वर्षानुवर्षं हाताने करत आले होते. सॉफ्टवेअर आलं तेव्हा त्यांनी कुरकुर केली नाही. मला म्हणाले, "ताई, मला दोनदा दाखवा, तिसऱ्यांदा मी करीन." आणि खरंच केलं. पण वही सोडली नाही. लाल कापडी पाठीची वही, तारीख, चलन क्रमांक, नग, सही. आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरने अहवालात त्या वहीचा उल्लेख 'बदलाला विरोध' असा केला होता. मीही त्याच्याशी सहमत होते, हे इथे सांगितलं पाहिजे.

त्या स्टोअरमध्ये इन्सर्ट असतात. यंत्राच्या कापणाऱ्या हत्याराच्या टोकाला बसणारा कार्बाइडचा तुकडा, नखाएवढा. डबीत दहा येतात. महाग, लहान, आणि खिशात मावणारा माल. वर्षअखेरीच्या मोजणीत इन्सर्टच्या ३८ डब्या कमी भरल्या. म्हणजे सॉफ्टवेअर सांगत होतं तेवढ्या रॅकवर नव्हत्या. चौकशी झाली. काकांनी वही पुढे केली. वहीप्रमाणे एकही डबी कमी नव्हती. चौकशी करणाऱ्यांनी ती उघडूनसुद्धा पाहिली नाही, कारण अधिकृत नोंद आता संगणकात होती. काकांना मेमो मिळाला. चोरी असा शब्द त्यात नव्हता, 'साठ्याबाबत निष्काळजीपणा' होता. पण कारखान्यात सगळ्यांना जे समजायचं ते समजलं. वेतनवाढ थांबली आणि त्यांना स्टोअरमधून काढून भंगाराच्या आवारात वजनकाट्यावर बसवलं.

चार महिन्यांनी मला दोष सापडला. माल आल्याची नोंद सेव्ह करताना नेटवर्क अडकलं, पडदा जागचा हलेना, आणि माणसाने पुन्हा सेव्ह दाबलं, तर तीच नोंद दोनदा चढायची. कागदावर एक चलन, संगणकात दोन. रॅकवर पाच डब्या आल्या, सॉफ्टवेअर म्हणतंय दहा. वर्षअखेरीला 'तूट' दिसणारच. कुणी एकही डबी नेलेली नव्हती. त्या डब्या कधी आलेल्याच नव्हत्या.

मी मॅनेजरला दाखवलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, दुरुस्त कर, पुढच्या महिन्यात करार नूतनीकरणाचा आहे, हा विषय आत्ता काढू नकोस. मी दुरुस्त केलं. नव्या आवृत्तीच्या टिपणात एक ओळ लिहिली: 'माल आवक सेव्ह – किरकोळ सुधारणा.' आणि गप्प बसले. मेमोबद्दल मला माहीत होतं. मी काकांना कळवलं नाही. तेव्हा मी स्वतःला समजावलं, की एका ज्युनिअर मुलीचं कोण ऐकणार, आणि मेमो देणारे आम्ही नाही. यातलं पहिलं थोडंफार खरंही होतं.

नंतर माझा प्रोजेक्ट बदलला. काका निवृत्त झाले असणार, एवढाच विचार कधीमधी यायचा.

पदवीच्या तिसऱ्या सत्रात 'अपयशांचा अभ्यास' असा एक विषय होता. त्यात ब्रिटनच्या टपाल खात्याचं होरायझन प्रकरण होतं. तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल, जानेवारी २०२४ मध्ये त्याच्यावरची मालिका तिकडच्या टीव्हीवर आली आणि देशभर संताप उसळला. थोडक्यात सांगते. तिथे लहान पोस्ट ऑफिसं गावातले दुकानदार चालवतात. १९९९ पासून त्यांच्याकडे होरायझन नावाची संगणक प्रणाली बसवली गेली, जपानच्या फुजित्सु कंपनीच्या मालकीच्या ब्रिटिश कंपनीने बनवलेली. प्रणाली हिशेबात तूट दाखवू लागली. करारानुसार तूट पोस्टमास्तरने स्वतःच्या खिशातून भरायची. लोकांनी घरं गहाण टाकली, नातेवाइकांकडून पैसे आणले, तरी तूट येतच राहिली. २०१५ पर्यंत नऊशेहून जास्त लोक चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरले. सीमा मिश्रा नावाच्या पोस्टमास्तर बाईंना २०१० मध्ये तुरुंगवास झाला, तेव्हा त्या गरोदर होत्या. ५५५ जणांनी मिळून दावा लावला आणि डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की प्रणालीतच दोष होते. अखेर मे २०२४ मध्ये संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

हे सगळं मी इतरांसारखंच वाचत होते, असाइनमेंटच्या शब्दसंख्येकडे लक्ष ठेवून. मग एका दोषाचं वर्णन आलं. तो स्कॉटलंडमधल्या डालमेलिंग्टन या गावाच्या नावाने ओळखला जातो. रोकड आल्याची नोंद करताना पडदा अडकायचा, माणूस पुन्हा एन्टर दाबायचा, आणि तीच रक्कम पुन्हा जमा धरली जायची.

मी लॅपटॉप बंद केला. त्या रात्री पुढे काही वाचलं नाही.

दोष जसाच्या तसा तोच होता, पण मला अस्वस्थ केलं ते दोषाने नाही. दोष होतातच, मी रोज करते. अस्वस्थ केलं ते एका कायद्याच्या इतिहासाने. ब्रिटनमध्ये १९८४ च्या कायद्यानुसार संगणकाची नोंद फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून आणायची, तर संगणक नीट चालत होता हे दाखवावं लागायचं. १९९९ च्या एका कायद्याने ती अट काढून टाकली. त्यानंतर संगणक बरोबरच आहे असं गृहीत धरायचं, आणि नाही म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं. दुकानदाराने. ज्याच्याकडे प्रणालीच्या आतल्या नोंदी नाहीत, कोड नाही, वकिलाचे पैसे नाहीत. आपल्याकडे पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली प्रमाणपत्र लागायचं, १ जुलै २०२४ पासून नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली लागतं. हे निदान आहे. पण चाकणच्या त्या चौकशीत कुणी प्रमाणपत्र मागितलं नव्हतं. कारखान्याच्या आतल्या चौकशीत कोण मागतं?

प्रबंधाचा विषय तोवर मी दुसराच दिला होता, काहीतरी क्लाउडबद्दल. तो बदलायचा म्हणून मार्गदर्शक बाईंना भेटले. त्यांना सगळं सांगितलं, माझ्या गप्प बसण्यासकट. त्यांनी मला धीर वगैरे दिला नाही. विचारलं, "ते गृहस्थ हयात आहेत का?" मी म्हटलं, माहीत नाही. त्या म्हणाल्या, "आधी ते बघ. प्रबंध नंतर."

जुन्या सुपरवायझरकडून पत्ता मिळाला. खेड तालुक्यातलं गाव. एका रविवारी गेले. काकांनी ओळखलं, चहा मागवला, माझ्या मुलीची चौकशी केली. मी सांगायला सुरुवात केली तेव्हा मला नीट बोलताही येईना. काकांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?" हो म्हणण्यापलीकडे माझ्याकडे काही नव्हतं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. नंतर उठून आत गेले आणि लाल पाठीची वही घेऊन आले. निवृत्त होताना त्यांनी ती सोबत आणली होती. वहीत प्रत्येक चलनाचा क्रमांक होता, आणि अडकलेल्या नोंदींच्या दिवशी समासात पेन्सिलने लिहिलेलं: 'मशीन हँग, दोनदा दाबले.' कधीकधी वेळसुद्धा.

बदलाला विरोध म्हणून आम्ही ज्या वहीची नोंद घेतली होती, ती त्या प्रणालीची सर्वांत चांगली चाचणी होती. आमच्या टेस्टिंगच्या टीमने तसलं टिपण कधी ठेवलं नव्हतं.

प्रबंधाला मग वेगळं शीर्षक मिळालं. नोंद आणि माणूस यांच्यात तफावत आली, तर कुणाचं ऐकलं जातं? चार कारखान्यांतल्या स्टोअरच्या लोकांशी बोलले, परवानग्या घेऊन, नावं न लिहिता. चारही ठिकाणी चार वेगळ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर. चारही ठिकाणी माल आला, माल गेला, माल परत आला, माल खराब झाला, या सगळ्यांसाठी जागा होती. 'ही नोंद मला मान्य नाही' असं म्हणायला कुठेच जागा नव्हती. म्हणून माणसं वही ठेवतात.

आणि इथे मला पुन्हा सातबारा आठवला. आमच्या आजोबांच्या दोन एकरांच्या वारसनोंदीसाठी अब्बांनी जेवढ्या खेपा घातल्या, त्यावरून तलाठी कार्यालयाबद्दल चांगलं बोलायची आमच्या घरात पद्धत नाही. संगणकीकरणात आजोबांचं 'दस्तगीर' हे नाव 'दस्तगिरी' झालं होतं. तेवढ्या एका वेलांटीसाठी आणि 'ई'साठी अब्बा तहसीलदाराकडे अर्ज घेऊन फिरले. पण ती नोंद दुरुस्त झाली, कारण १९६६ च्या जमीन महसूल संहितेत लेखनप्रमाद दुरुस्त करण्यासाठी कलम १५५ आहे. फेरफार घातला की संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात. हरकत आली तर तिची नोंद करायला स्वतंत्र गाव नमुना आहे, सहा-अ, आणि निकाल लागल्याशिवाय फेरफार प्रमाणित होत नाही. सातबारे ऑनलाइन करण्याआधी, २०१७ च्या सुमारास, गावोगावी चावडी वाचन झालं. संगणकातली नोंद गावासमोर मोठ्याने वाचायची आणि ज्याचं चुकलंय त्याने तिथेच उठून सांगायचं. अंमलबजावणीत किती ठिकाणी काय झालं तो वेगळा विषय. पण ज्या व्यवस्थेला आपण जुनाट म्हणून नावं ठेवतो, तिच्या कागदात हरकतीचा रकाना आहे. आमच्या चकचकीत सॉफ्टवेअरमध्ये नव्हता.

प्रबंधात मी तोच सुचवला. प्रत्येक नोंदीपुढे हरकतीची सोय, हरकत घेणाऱ्याचं नाव आणि वेळ, आणि हरकत निकाली निघेपर्यंत त्या नोंदीच्या आधारे कुणावर कारवाई नाही. महिन्यातून एकदा स्टोअरमधला साठा पाळीवरच्या लोकांसमोर वाचून दाखवायचा. याला मी इंग्रजी प्रबंधातही 'चावडी वाचन' असंच म्हटलं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्यावरच दहा मिनिटं घेतली. एकाने विचारलं, याने काम मंदावणार नाही का? मंदावेल, मी म्हटलं. किती, ते मोजून सांगता आलं नाही, तिथे माझे गुण गेले.

कारखान्यालाही मी पत्र लिहिलं, दोषाची तारीख, दुरुस्तीची तारीख आणि वहीच्या पानांच्या छायाप्रती जोडून. आधी माझ्या कंपनीत कळवलं. तिथे दोन बैठका झाल्या आणि काही जण अजून माझ्याशी तुटक बोलतात. पाच महिन्यांनी काकांना उत्तर आलं. मेमो मागे घेतल्याचं दोन ओळींचं पत्र. थांबवलेल्या वेतनवाढीबद्दल त्यात काही नाही. त्यासाठी काकांनी पुढे अर्ज केलाय, मी मजकूर लिहून दिला. अजून उत्तर नाही.

आता संधींबद्दल, कारण पालक घड्याळ बघतायत.

ही पदवी घेऊन नोकरी मिळते का? मिळते. बँका, रुग्णालयं, कारखाने, सरकारी प्रकल्पांवर काम करणाऱ्या सल्लागार कंपन्या, सगळ्यांना तंत्रज्ञान आणि कामकाज दोन्ही समजणारा माणूस हवा असतो. गणित फार नाही. वाचन भरपूर आहे, प्रत्येक तासाआधी तीस-चाळीस पानं, इंग्रजीत. ज्यांचं शिक्षण मराठीतून किंवा उर्दूतून झालंय त्यांना पहिलं सत्र जड जातं, मलाही गेलं. असाइनमेंट दुसऱ्याकडून उचलली तर लगेच पकडतात, तो मोह नको. माझ्या गटात एक बँकेतला शाखाधिकारी होता आणि एक रुग्णालयातल्या नर्सिंगच्या प्रमुख बाई होत्या. अर्धं शिक्षण मला त्या दोघांकडून मिळालं.

माझं स्पष्ट मत आहे, की इंजिनिअरिंग संपल्या संपल्या हा अभ्यासक्रम घेऊ नका. चार-पाच वर्षं कुठेतरी काम करा, एखादी प्रणाली तुमच्या डोळ्यांदेखत फसू द्या, मग या. नाहीतर वर्गात आलेली उदाहरणं गोष्टींसारखी वाटतात. प्रवेश घेण्याआधी अभ्यासक्रमाची यादी मागवा. त्यात नुसती साधनं आणि आराखडेच असतील, कायदा, विदासंरक्षण, कामगारांचा सहभाग असं काही नसेल, तर फी कितीही कमी असली तरी दोनदा विचार करा. शैक्षणिक कर्ज घेत असाल तर हप्ता कधीपासून सुरू होतो ते लेखी घ्या. माझा पहिल्या महिन्यापासून सुरू झाला होता आणि मला वाटत होतं पदवीनंतर.

चहाच्या वेळी मी त्या खिडकीजवळच्या बाकावर बसणार आहे. ज्यांना अर्ज भरायचाय त्यांनी गुणपत्रिका आणल्या असतील तर घेऊन या. आणि आधारवर, गुणपत्रिकेवर, शाळेच्या दाखल्यावर नावाचं स्पेलिंग सारखं आहे का, ते आत्ताच एकदा तपासून बघा.